बंद पडण्याआधीच इंजिन उघडा



आषाढाचा पाऊस लागलेला असतो. खाचरात चिखलणी चालू असते, रोप लावणीला आलेले असते, बाया बांधावर येऊन उभ्या असतात आणि नेमका पॉवर टिलर बंद पडतो. आपल्या मुळशीत हे मी दरवर्षी पाहतो. पौडहून मिस्त्री येऊन सुटा भाग मिळेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. मजुरी अंगावर पडते. रोप मात्र आपल्यासाठी थांबत नाही. ते जून होते, मग फुटवे कमी येतात.

आता विमानाचे इंजिन कसे सांभाळतात ते पाहा. २००२ साली पुण्याजवळ लोहगावला सुखोई-३० एमकेआय जातीची विमाने हवाई दलात दाखल झाली. पुढे ही विमाने नाशिकजवळ ओझरला आणि त्यांची इंजिने ओडिशात कोरापूटला तयार होऊ लागली. आकाशात इंजिन बिघडले तर विमान बांधाला लावता येत नाही! म्हणून तिथे बिघाडाची वाट पाहत नाहीत. प्रत्येक इंजिनाच्या तासांची नोंद असते. हजार तास भरले की चांगले चालणारे इंजिनही उतरवून पूर्ण उघडतात. मधल्या काळात तेलाचा नमुना तपासतात. त्यात धातूचे कण वाढले, तर आत काहीतरी झिजते आहे हे आधीच कळते. सगळी विमाने एकदम दुरुस्तीला जाणार नाहीत, अशा पाळ्याही लावतात.

हेच आपल्या घरी करता येईल.

एक वही घ्या. टिलर रोज किती तास चालला ते लिहा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे सोपवा.

पुस्तिकेत दिलेले तास भरले की ऑइल बदला. काळे होण्याची वाट पाहू नका. जुने ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा. चकाकणारे कण दिसले, तर फडके मिस्त्रीला दाखवा.

लावणीच्या दिवसांपासून मागे मोजा आणि वैशाखातच एअर फिल्टर, पट्टे, बेअरिंग तपासून घ्या. लागणारे सुटे भाग तेव्हाच आणून ठेवा.

वाडीत चार टिलर असतील, तर दुरुस्तीच्या पाळ्या ठरवा. एकाचा अडला तर दुसऱ्याचा उपयोगी पडेल.

वैशाखात खर्च होतो हे खरे. पण त्या वेळी रोप वाट पाहत नसते आणि मिस्त्रीलाही सवड असते. तेव्हा वही आजच आणा आणि पहिली नोंद आजच करा.