वाट चुकलेला गरुड

व्यापारासाठी परमुलखात जाऊन स्थिरावणे आपल्या घराण्यांना नवे नाही. परंतु माणूस निघतो तो पेठेची माहिती काढून, ओळखीपाळखी जमवून. पक्ष्यांत मात्र काही असे असतात, की जेथे त्यांची जात सहसा दिसत नाही, तेथे एके दिवशी एकटेच येऊन उतरतात. पक्षिनिरीक्षक त्यांना भरकटलेले पक्षी म्हणतात.

अलीकडचे गाजलेले उदाहरण स्टेलरच्या समुद्रगरुडाचे. पाच ते नऊ किलो वजनाचा, अवजड पिवळ्या चोचीचा हा पक्षी रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पात व ओखोत्स्क समुद्राकाठी घरटी करतो. हिवाळ्यात त्यांपैकी पुष्कळ जपानच्या होक्काइदो बेटावर येतात. जगात हे गरुड अवघे काही हजार. त्यांतला एक ऑगस्ट २०२० मध्ये अलास्काच्या अंतर्भागात दिसला. मार्च २०२१ मध्ये टेक्सासमध्ये असाच एक गरुड आढळला, त्याच वर्षी पुढे पूर्व कॅनडात, आणि डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील टाँटन नदीकाठी. कामचात्कापासून हे अंतर आठ हजार किलोमीटरांहून अधिक. बँकेत सही ताडून पाहावी तसे जाणकारांनी छायाचित्रांतील पंखांवरचे पांढरे डाग ताडून पाहिले. अलास्कातला पाहुणा आणि पूर्वेकडचा पाहुणा एकच ठरला.

नंतर तो मेन राज्याच्या किनाऱ्यावर गेला. या दोन राज्यांत त्याला पाहायला त्या हिवाळ्यात दोन हजारांहून अधिक लोक आले आणि त्यांनी प्रवास, निवास, भोजन यांवर सुमारे चार लाख डॉलर खर्च केले, असा संशोधकांचा अंदाज आहे. एका पक्ष्याने परगावच्या बाजारात एवढी उलाढाल घडवली!

त्याच मेन राज्यात २०१८ साली एक मोठा काळा ससाणा आला होता. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या उष्ण प्रदेशातला हा पक्षी. पोर्टलंड शहरातील उद्यानात तो खारी मारून जगला, लोकांचा लाडका झाला. पण जानेवारी २०१९ च्या हिमात त्याचे पाय गोठले आणि उपचारांनंतरही तो वाचला नाही. त्याच उद्यानात त्याचे शिल्प उभारले गेले. गरुडाजवळ थंडीची सवय हे भांडवल होते. ससाण्याजवळ ते नव्हते. अर्थात गरुडाचा जमाखर्चही पुरा जुळत नाही, कारण त्या साऱ्या खंडात त्याला जोडीदार मिळणे जवळपास अशक्य.

असे का घडते? कधी वादळ पक्ष्याला लोटून नेते. कधी पहिल्याच स्थलांतराला निघालेल्या पिल्लाचे उपजत दिशाज्ञान उलटे पडते. अशी बहुतेक पाखरे परतत नाहीत. तरीही सैबेरियाकडील रिचर्डची तिरचिमणी वेगळे काही सांगते. ही जात हिवाळ्यात एरवी भारतात व आग्नेय आशियात येते. पश्चिम युरोपात तिला भरकटलेली मानत. परंतु दक्षिण फ्रान्समध्ये पायात कडी घातलेले काही पक्षी पुढच्या हिवाळ्यातही त्याच जागी परतले. २०२१ साली फ्रेंच संशोधकांनी ही नवी स्थलांतरवाट असल्याचे मांडले.

चूक कोणती आणि नवी पेठ कोणती, हे पहिल्या वर्षाच्या खात्यावरून कळत नाही. म्हणून असा पाहुणा कोठे दिसला, तर त्याला दुरूनच पाहावे, हुसकावू नये आणि दिवस, ठिकाण यांची नोंद ठेवावी. त्याच्या वाट्याची भाकरी शोधायला त्याला मोकळा वेळ मिळणे, हाच त्याचा खरा पाहुणचार होय.