सुया निघाल्यावर काय उरते?

गुडघ्याने किंवा कंबरेने धरलेल्या माणसाला आपल्याकडे सल्ल्यांची वानवा नसते. निर्गुडीचा पाला बांधण्यापासून थेट सांधा बदलून घेण्यापर्यंत ज्याच्या त्याच्याकडे एकेक तोडगा तयार असतो आणि त्या तोडग्याने कुणाच्या तरी मावशीला हमखास गुण आलेला असतो. या यादीत अ‍ॅक्युपंक्चरचे नावही आता चांगले रुळले आहे. ‘सुया टोचून घ्या, फार बरे वाटते’ असे सांगणारी मंडळी प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक सकाळच्या कट्ट्यावर भेटतात. त्यांना विचारायचा खरा प्रश्न एकच असतो, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही: गुण आला हे ठीक, पण तो टिकला किती?

कारण सुया टोचलेल्या असताना बरे वाटणे वेगळे आणि सहा महिन्यांनी जिना चढताना कठडा धरावा न लागणे वेगळे. पैसे, वेळ आणि आशा अशा तिन्ही गोष्टी खर्चायच्या, तर या दुसऱ्या गोष्टीविषयी आधी काही कळायला हवे. सुदैवाने गेल्या पंचवीसएक वर्षांत त्याचा बराच शोध घेतला गेला आहे.

आधी एक घोळ निस्तरलेला बरा. अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे अ‍ॅक्युप्रेशर नव्हे. घराघरांत माळ्यावर पडून असलेल्या काटेरी रबरी चपला आणि लाकडी रूळ हे अ‍ॅक्युप्रेशरचे. त्यात फक्त दाब असतो. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये खरोखरीच सुई कातडीच्या आत जाते. चपला घालून काही झाले नाही म्हणून सुयांना नावे ठेवण्यात अर्थ नाही आणि सुयांवर झालेल्या संशोधनाचे श्रेय चपलांनी घेण्यातही नाही.

या पद्धतीचे मूळ चीनमध्ये, याबद्दल वाद नाही. इसवी सनापूर्वी ११३ मध्ये मरण पावलेल्या लिऊ शंग या राजपुत्राची कबर १९६८ मध्ये उघडली गेली, तेव्हा तिच्यात सोन्याच्या आणि चांदीच्या वैद्यकीय सुया सापडल्या. आपल्याकडे काही उत्साही मंडळी ‘हे तर आमच्या सुश्रुताचेच’ असे सांगतात. पण सुश्रुताने सांगितलेली मर्मे ही शरीरावरची जपण्याची, इजा होऊ न देण्याची ठिकाणे आहेत. सुया टोचण्याची नव्हेत. आपल्या पूर्वजांच्या खात्यावर पुष्कळ काही जमा आहे, दुसऱ्याची रक्कम तिथे भरण्याची गरज नाही. खुद्द चीनमध्येही या विद्येला नेहमीच मान होता असे नाही. १८२२ मध्ये तिथल्या सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ती हद्दपार केली होती.

मराठी माणसाला अ‍ॅक्युपंक्चर म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने ही कथा घराघरांत नेली. मात्र कोटणीस शल्यविशारद होते; सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. विजयकुमार बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले. पुढे आपल्या दिवंगत सहकाऱ्याचे नाव त्यांनी या कार्याला जोडले. लुधियानाच्या अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयाला कोटणीसांचे नाव आहे, ते या परंपरेतूनच.

पाश्चात्त्य जगाचे लक्ष सुयांकडे गेले ते मात्र एका पोटदुखीमुळे. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नामवंत पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असताना त्यांचे अपेंडिक्स बिघडले. शस्त्रक्रिया नेहमीसारखी, भुलीचे इंजेक्शन देऊन झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून ते हैराण झाले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली तीन सुया टोचल्या. तासाभरात आराम पडला आणि तो त्रास पुन्हा झाला नाही. रेस्टननी हे सारे वर्तमानपत्रात लिहिले. लोकांनी मात्र ‘सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन केले’ असे ऐकले आणि आजही तसेच सांगतात. अ‍ॅक्युपंक्चरचे अर्धे नुकसान त्याच्या निंदकांनी केले असेल, तर अर्धे अशा भाविकांनी.

प्रत्यक्षात उपचार कसा असतो? ज्यांनी घेतलेला नाही त्यांना ‘सुई’ या शब्दाचीच धास्ती असते. ही सुई पोकळ नसते, तिच्यातून औषध जात नाही, आणि ती साधारण पाव मिलिमीटर जाडीची म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, कधी तेवढेही नाही. नंतर त्या जागी एक जड, बोथट, पसरत जाणारी कळ जाणवते. चिनी वैद्य हिची वाट पाहतात. ती आली की सुई जागेवर बसली, असे ते मानतात. शरीरावर अशी ३६१ पारंपरिक स्थाने आहेत. दुखते एकीकडे आणि सुई भलतीकडे, हा प्रकार पहिल्यांदा चमत्कारिक वाटतो. वीसएक मिनिटे ते अर्धा तास पडून राहायचे, काहीजण चक्क घोरू लागतात. आठवड्याला एक-दोन बैठका, अशा दहा-बारा बैठकांचा एक क्रम असतो.

या सुयांनी होते काय, याचे चिनी उत्तर म्हणजे शरीरातल्या नाड्यांमधून वाहणारी ‘ची’ नावाची प्राणशक्ती मोकळी होते. शवविच्छेदनात अशा नाड्या कुणाला सापडलेल्या नाहीत. आधुनिक वैद्यकाचे उत्तर वेगळे आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. सुयांनी दाताची वेदना कमी झाल्यावर त्या माणसांना नॅलोक्सोन दिले. अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम हाणून पाडणारे हे औषध. ते देताच वेदना परतली. म्हणजे सुई टोचल्यावर शरीर स्वतःच अफूसारखे वेदनाशामक, एन्डॉर्फिन, तयार करत होते. पण या द्रव्याचा अंमल फार तर काही तास टिकणारा. मग गुण महिनोन्महिने राहतो तो कसा?

इथे जुनाट दुखण्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. बोट कापले की दुखते ती बातमी असते. जखम भरली की बातमी थांबते. दहा वर्षे दुखणारी कंबर ही नुसती बातमी राहत नाही. वेदना वाहून नेणारे मज्जातंतू आणि मेंदू यांना दुखण्याची सवय जडते, थोड्याशा हालचालीनेही ते कांगावा करू लागतात. दुखते म्हणून माणूस हालचाल टाळतो, हालचाल नाही म्हणून स्नायू दुबळे आणि आखडलेले, त्यामुळे आणखी दुखणे. त्यात रात्रीची झोप उडालेली. हे रहाट एकदा कुठेतरी अडवले की ते उलटही फिरू शकते. सुयांनी आठ-दहा आठवडे वेदना उतरली, त्या काळात झोप लागली, चालणे वाढले, तर पुढचा गुण केवळ सुईचा राहत नाही. तो त्या माणसाच्या पायांनी कमावलेला असतो. टिकाऊपणाचा हा उलगडा मला ‘ची’पेक्षा अधिक पटतो.

आता आकडे. जुनाट वेदनेच्या रुग्णांवरील चांगल्या दर्जाच्या चाचण्यांची मूळ माहिती एकत्र करून संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ती पुन्हा तपासली. २०१८ पर्यंत यात ३९ चाचण्या आणि २०,८२७ रुग्ण झाले होते. पाठ, मान, खांदा, गुडघा आणि जुनी डोकेदुखी ही दुखणी. याच गटाने २०१७ मध्ये नेमका आपला प्रश्न विचारला: उपचार संपल्यावर काय? उत्तर असे आले की, सुया न घेणाऱ्यांच्या तुलनेत जो फायदा झाला होता, त्याचा सुमारे ९० टक्के भाग वर्षभरानंतरही शिल्लक होता. वेदनाशामक गोळीचा असर संध्याकाळपर्यंत ओसरतो आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या त्या गोळ्या पोटाला अल्सर आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ज्या घरात सत्तरीच्या आजीबाई रोज सकाळी चहाबरोबर अशी गोळी घेतात, त्या घराने हा आकडा दोनदा वाचावा.

अर्धशिशीवरही असाच अनुभव आहे. चीनमध्ये २४९ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चार आठवड्यांत वीस बैठका दिल्या गेल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी पाहिले, तर खऱ्या सुया घेतलेल्यांचे महिन्याचे झटके सरासरी तीनाने कमी झालेले होते, नुसती वाट पाहणाऱ्यांचे दीडेकाने.

इथवर वाचून कुणी फोन उचलून वेळ ठरवायला निघाले असेल, तर क्षणभर थांबावे. या कथेत एक अडचणीचे पात्र आहे, आणि ते म्हणजे खोटी सुई. संशोधक काही रुग्णांना मुद्दाम भलत्याच जागी, अगदी वरवर सुया टोचतात. रुग्णाला हे ठाऊक नसते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांपैकी सहा महिन्यांनी सुधारलेले असे निघाले: खऱ्या सुया घेणारे ४७.६ टक्के, खोट्या सुया घेणारे ४४.२ टक्के, आणि औषधे-व्यायाम असा नेहमीचा उपचार घेणारे फक्त २७.४ टक्के.

या तीन आकड्यांवरून जगात दोन तट पडले. एक म्हणतो, खऱ्या-खोट्यात फरकच नाही, म्हणजे सगळा मनाचा खेळ. दुसरा म्हणतो, नेहमीच्या उपचारापेक्षा दीडपटीहून जास्त माणसे सुधारली, मग हवे काय? जर्मनीच्या आरोग्य विम्याने दुसऱ्याचे ऐकले आणि जुनाट कंबरदुखी व गुडघेदुखीसाठी या उपचाराचा खर्च द्यायला सुरुवात केली. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीला सुयांची शिफारस केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली आणि २०२१ मध्ये ठळक कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा शिफारस केली. तज्ज्ञांची ही ये-जा पाहून सामान्य माणसाने गोंधळून जावे यात नवल नाही.

ती २० हजार रुग्णांची बेरीज मात्र सांगते की फरक आहे; लहान, पण खरा. आणि टिकाऊपणाच्या बाबतीत एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी: खऱ्या सुईची खोटीवरची आघाडी वर्षभरात निम्म्याने घटते. बर्लिनमध्ये झालेल्या गुडघेदुखीच्या चाचणीत तर आठ आठवड्यांनी दिसलेला हा फरक वर्षअखेर नगण्य झाला होता. माझे मत विचाराल तर, सुईचा स्वतःचा वाटा मध्यम आहे. उरलेला गुण स्वस्थ पडून राहण्याचा, कुणीतरी अर्धा तास आपल्या दुखण्याकडे लक्ष देण्याचा आणि त्यातून येणाऱ्या उमेदीचा. पाच मिनिटांत चिठ्ठी हाती देणाऱ्या दवाखान्यांच्या काळात हा वाटा कमी लेखू नये.

पण हे सारे वेदनेबद्दल. मळमळीवरही, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या, मनगटावरच्या एका स्थानाचा उपयोग दिसलेला आहे. त्यापलीकडे मधुमेह बरा करतो, ब्लॉकेज काढतो, कर्करोग विरघळवतो, अशा पाट्या जिथे दिसतील तिथून सरळ मागे फिरावे. इन्शुलिन बंद करायला सांगणारा सुईवाला हा थेट जिवाशी खेळ आहे.

चांगल्या हातांत या सुया सुरक्षित असतात. जर्मनीत ९७,७३३ रुग्णांची पाहणी झाली, त्यात गंभीर म्हणावेत असे प्रसंग केवळ सहा. त्यातल्या दोघांच्या फुप्फुसाला इजा झाली होती. छातीवर सुई खोल गेली तर असे होते. तेव्हा शरीररचना शिकलेलाच माणूस हवा. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा झालेला आहे आणि उपचारकांची नोंदणी होते; ती विचारण्यात संकोच नको. सुयांचे पाकीट आपल्यासमोर फोडले पाहिजे आणि वापरलेल्या सुया टाकून दिल्या पाहिजेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, तर ते आधी सांगावे. पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा प्रवाह जोडू देऊ नये.

आणि किती बैठका घ्यायच्या? अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्याने २०२० पासून कंबरदुखीसाठी हा खर्च मान्य केला, त्याचा नियम घरच्या हिशेबालाही लागू पडावा असा आहे: तीन महिन्यांत बारा बैठका, फरक पडत असेल तरच आणखी आठ, वर्षाला वीसच्या वर नाही. फरक पडतोय की नाही हे आठवणीवर सोडू नये, आठवण फार मनधरणी करते. पहिल्या सुईच्या आधीच एका वहीत लिहून ठेवावे: महिन्यात किती दिवस डोके दुखले, किती पायऱ्यांनंतर थांबावे लागले, रात्री कितीदा जाग आली, गोळ्यांची एक पट्टी किती दिवस पुरली. क्रम संपल्यावर तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने हेच आकडे त्याच पानाशेजारी उतरवावेत.