यंत्राच्या स्मृतीचा पंचनामा

घरांत चोरी झाली म्हणजे शहाणा मनुष्य लगेच सामानसुमान आवरीत बसत नाहीं. पंच येईपर्यंत जें जेथें आहे तें तेथेंच राहूं देतो. कारण आवरलेल्या घरांत पुरावा उरत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र हें तारतम्य पुष्कळांना सुचत नाहीं. यंत्र अडलें कीं तें बंद करून पुन्हा चालू करावयाचें, ही आपली सर्वसाधारण रीत. त्यामुळें काम पुढें चालतें हें खरें. परंतु यंत्र कां अडलें हें सांगणारा एकुलता एक साक्षीदारहि त्याच क्षणीं नाहींसा होतो. हा साक्षीदार म्हणजे यंत्राची चालती स्मृति. तिचें चित्र वेळेवर कसें उतरून घेतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

संगणकांत मजकूर दोन ठिकाणीं असतो. चकतीवर लिहिलेला मजकूर वीज गेली तरी टिकतो. चालू असलेला प्रोग्राम मात्र आपलें सारें काम रॅम नांवाच्या स्मृतींत करतो. तेथें प्रत्येक बिट हा एका अतिसूक्ष्म कोठींतील विद्युद्भार असतो. हा भार झिरपून जातो, म्हणून साधारणपणें दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत तो पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली कीं ही भरणी थांबते, आणि प्रोग्राम कोणत्या पायरीवर होता, त्याच्या हातीं कोणते आंकडे होते, हें सर्व थोडक्याच वेळांत पुसलें जातें.

कोणी म्हणेल, प्रोग्राम आपली नोंदवही ठेवतोच, मग चित्राची गरज काय? परंतु नोंदवही ही दुकानाच्या रोजकीर्दीसारखी आहे. जें लिहावयास सांगितलें तेवढेंच तिच्यांत उतरतें. आणि ज्या दोषाची कोणास कल्पनाच नव्हती, त्याची नोंद करण्यास कोण सांगणार? स्मृतिचित्रांत निवड नसते. त्या क्षणीं जें होतें तें सगळें त्यांत येतें.

ह्या चित्राला धंद्यांतील लोक ‘कोअर डम्प’ म्हणतात. १९५० नंतरच्या सुमारें दोन दशकांत संगणकांची स्मृति लोहचुंबकीय द्रव्याच्या चिमुकल्या कड्यांची असे; त्या कड्यांना कोअर म्हणत. कडीं गेलीं, नांव राहिलें. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांवर एखाद्या प्रोग्रामनें आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात लावला, कीं व्यवस्थापक प्रणाली त्यास थांबविते, आणि तशी तरतूद केलेली असल्यास त्याची स्मृति फाइलींत उतरून ठेवते. तपासणारा ती उघडून पाहतो: शेवटची आज्ञा कोणती, ती कोणीं दिली, त्यास कोणीं पाठविलें, अशी साखळी मागें मागें नेत मूळ दोषापर्यंत जातां येतें. प्रोग्राम हळूहळू फुगत जाऊन स्मृति संपवीत असेल, तर कोणत्या वस्तूंची गर्दी झाली आहे व त्यांना कोणीं धरून ठेविलें आहे, हेंहि चित्रावरून कळतें.

मेलेल्या प्रोग्रामचें चित्र घेणें सोपें. अवघड आहे तें चालत्याचें. दिंडी चालत असतां एका टोकापासून माणसें मोजूं लागावें, तर मागचा वारकरी पुढें येऊन दोनदां मोजला जातो आणि दुसरा सुटतो. तसेंच येथें होतें: चित्राचा पूर्वार्ध एका क्षणाचा आणि उत्तरार्ध दुसऱ्या क्षणाचा. ह्यावर उपाय दोन. प्रोग्राम क्षणभर थांबवावा. किंवा त्याची एक जुळी प्रत निर्माण करून मूळ प्रोग्राम चालू ठेवावा व प्रतीचें चित्र घ्यावें. लिनक्ससारख्या प्रणालींत ही प्रत स्वस्तांत होते, कारण स्मृतीचें जें पान पुढें बदललें जाईल तेवढ्याचीच वेगळी नक्कल करावी लागते.

कांहीं प्रसंगीं तर ह्या चित्रावांचून पुरावाच नसतो. २५ जानेवारी २००३ रोजीं पसरलेला ‘स्लॅमर’ नांवाचा उपद्रवी प्रोग्राम अवघा ३७६ बाइटांचा होता. ज्या यंत्रांना त्याची बाधा होण्यासारखी होती त्यांपैकीं सुमारें ९० टक्के यंत्रें त्यानें दहा मिनिटांत गांठलीं. तो चकतीवर कांहींच लिहीत नसे. राही तो केवळ स्मृतींत. यंत्र बंद करतांच तो नाहींसा होई, आणि त्याच्याबरोबर त्याची खूणहि.

परंतु जें सर्व टिपतें तें गुपितेंहि टिपतें. प्रोग्राम चालू असतां परवलीचे शब्द, ग्राहकांचीं पत्रें, सांकेतिक किल्ल्या स्मृतींत बहुधा उघड्याच असतात. २०२३ सालीं मायक्रोसॉफ्टच्या एका गुप्त किल्लीच्या जोरावर परक्या हेरांनीं अमेरिकन सरकारी अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार वाचला. ती किल्ली २०२१ सालच्या एका स्मृतिचित्रांतून, तें तपासणीसाठीं कमी सुरक्षित जागीं नेल्यामुळें, निसटली असावी, असा कयास कंपनीनें त्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केला. मार्च २०२४ मध्यें तसें चित्र आपणांस सांपडलें नाहीं, असेंहि तिनेंच सांगितलें. कारण कांहींहि निघो, असा मार्ग संभवतो हें त्या कंपनीनेंच मान्य केलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

म्हणून ज्यांच्याकडे लोकांचें काम सोंपविलेलें आहे अशा यंत्रांच्या चालकांनीं दोन गोष्टींचा निर्णय अपघातापूर्वींच करावा. पहिली, बिघाड झाल्यास चित्र कोठें उतरावयाचें. कारण तें स्मृतीएवढेंच मोठें होऊं शकतें, आणि ऐन वेळीं चकतींत जागा नसते. दुसरी, तें कोणीं पाहावयाचें, किती दिवस ठेवावयाचें आणि कसें नष्ट करावयाचें. मूळ यंत्रास जेवढें कुलूप, तेवढेंच त्याच्या चित्रासहि हवें. एवढी व्यवस्था असली, म्हणजे यंत्र पुन्हा चालू करण्यापूर्वीं चार मिनिटें थांबण्यास भिण्याचें कारण नाहीं. तीं चार मिनिटें न थांबल्यास तोच बिघाड पुढच्या महिन्यांत पुन्हा येतो, आणि तेव्हांहि त्याचें कारण कोणास सांगतां येत नाहीं.