गुटीतलं मायफळ, चेंडूतलं बूच

सह्याद्रीत ओक उगवत नाही. तरी त्याचा एक तुकडा कित्येक मराठी घरांत बाळाच्या गुटीबरोबर येऊन गेला आहे. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंगेसोबत उगाळतात ते मायफळ हे फळ नव्हेच! पश्चिम आशियातल्या एका ओकच्या कोवळ्या फांदीत इवलीशी गांधीलमाशी अंडं घालते आणि त्याभोवती झाड तुरट गाठ धरतं. ती गाठ म्हणजे मायफळ. त्यात हिराकस मिसळून युरोपनं शतकानुशतकं शाई केली. लिओनार्दो दा विंचीनं वह्या भरल्या त्या याच शाईनं.

क्रिकेटच्या चेंडूच्या पोटातही ओकच. गाभ्यातलं बूच येतं पोर्तुगाल-स्पेनकडच्या कॉर्क ओकच्या सालीतून. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिली साल सोलतात, मग दर ९ वर्षांनी. झाड तोडावं लागत नाही, साल पुन्हा भरून येते. (आपलं पांढऱ्या सुवासिक फुलांचं बुचाचं झाड वेगळं. सिल्व्हर ओक तर ओकच्या कुळातलाही नाही, तो ऑस्ट्रेलियाहून आलेला.)

ब्रिटनमधल्या ओकच्या आसऱ्याला किती जीव असावेत? कीटक, पक्षी, बुरशी, शेवाळ धरून सुमारे २,३०० जाती! त्यातल्या ३२६ जातींचं ओकवाचून भागतच नाही.

ओकची लागवड करतो कावळ्याचा भाऊबंद, जे नावाचा पक्षी. हिवाळ्याची बेगमी म्हणून तो हजारो एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, जमिनीत पुरतो. खायची राहून गेली, ती रुजतात.

एकॉर्न वाळलं की मेलं. त्यामुळे धान्यासारखं ते बीजपेढीत वाळवून, गोठवून ठेवता येत नाही. ओक राखायचा तर झाडच जिवंत ठेवावं लागतं. २०२० च्या जागतिक पाहणीत ओकच्या सुमारे ४३० जातींपैकी ३१ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आढळल्या, तेव्हा ही अडचण केवढी मोठी ते कळतं.

आता आपला ओक. उत्तराखंडात त्याला बांज म्हणतात. पान वरून हिरवंगार, खालून पांढुरकं, लवदार. पाला गुरांना, पाचोळा गोठ्यात आणि तिथून खत होऊन शेतात, लाकूड नांगराला. बांजाखालची भुसभुशीत, पाचोळ्यानं झाकलेली जमीन पाऊस मुरवून घेते आणि डोंगरातल्या धारा, नौले (झऱ्यांवरची बांधीव कुंडं) जिवंत ठेवते. बांजाच्या मुळाचं पाणी गार आणि गोड, असं पहाडी माणसं सांगतात. इंग्रजांच्या वनखात्याला मात्र राळ हवी होती आणि रेल्वेचे स्लीपर, म्हणून त्यांनी चीड, म्हणजे तिथला पाइन, वाढवला. चीडच्या वाळक्या सुया, म्हणजे पिरूल, उन्हाळ्यात भराभर पेटतात. बांज जळतो किंवा चाऱ्यासाठी ओरबाडला जातो, आणि मोकळ्या जागेत पुन्हा चीडच शिरतो.

हे उलटवता येतं, आणि ते झालंही आहे. पौडी गढवालमधल्या उफरैंखालला सच्चिदानंद भारती या शिक्षकानं १९८० च्या दशकापासून गावकऱ्यांसोबत मिश्र झाडी वाढवली, उतारावर हजारो छोटे खड्डे खणून पाणी अडवलं. कोरडा पडलेला ओढा वाहू लागला. त्याचं नाव ठेवलं गाडगंगा. जंगलाची राखण बायकांकडे. घुंगरू बांधलेली काठी, म्हणजे खांकर, घेऊन एक बाई दिवसभर फिरते आणि संध्याकाळी ती शेजारणीच्या दाराशी ठेवते. काठी दिसली की उद्याची पाळी तिची. वनसंरक्षणाची याहून सुंदर पद्धत मला माहीत नाही.

चोपता, देवरियातालला जाणाऱ्या मराठी ट्रेकर मंडळींनो, तुम्ही चालता ती सावली बहुतेक ओकचीच असते. कॅम्पवर शेकोटीचा हट्ट धरू नका. त्या उंचीवर जळणाला लाकूड म्हणजे बहुधा तोच ओक. एक जॅकेट जास्त न्या.