पॅड बांधून बसलेला मुलगा

फेब्रुवारी १९८८. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना रंगला होता. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी त्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, हे क्रिकेटवेड्या घरांत आजही तोंडपाठ आहे. पण त्यांच्यानंतर फलंदाजीला जाणारा तेरा वर्षांचा एक मुलगा सारा वेळ पॅड बांधून तंबूत बसून होता. अमोल मुजुमदार. त्याची पाळी आलीच नाही!

पुढेही दैवाने तेच केले. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणी सामन्यांत एकूण ११,१६७ धावा, ३० शतके. पण भारताची टोपी काही डोक्यावर चढली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमले, तेव्हा जो स्वतः देशाकडून खेळला नाही तो काय शिकवणार, असे नाक मुरडणारेही होतेच.

या मंडळींना २००६-०७ चा रणजी हंगाम आठवत नसावा. मुजुमदार मुंबईचे कर्णधार आणि प्रवीण आमरे प्रशिक्षक. दोघेही रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीतले. मुंबई पहिले तिन्ही सामने हरली होती. त्याच मुंबईने त्या वर्षी करंडक जिंकला.

२०२५ च्या विश्वचषकात मुजुमदारांपुढे पुन्हा तोच पेच. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, ओळीने तीन पराभव. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तर हातातला सामना चार धावांनी गेला. एरवी शांत असणारे मुजुमदार त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये चिडले. हा सामना आपण जिंकायलाच हवा होता, असे त्यांनी सुनावले. कर्णधार हरमनप्रीत कौरने हे नंतर सांगितले, पण तक्रार म्हणून नव्हे. सरांचे बोलणे मनापासूनचे आहे, हे सगळ्या मुलींनी ओळखले होते. रागावण्याचा हक्क आधी कमवावा लागतो. रोज आरडाओरडा करणाऱ्याला तो मिळत नाही.

जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध वगळले होते. पुढच्याच सामन्यात तिला परत घेतले, तेही तिसऱ्या क्रमांकावर. तिने न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धावा केल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावांचा डोंगर रचला. मुजुमदारांनी फळ्यावर एवढेच लिहिले, की अंतिम फेरी गाठायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. जेमिमाने नाबाद १२७ धावा काढल्या आणि नऊ चेंडू राखून भारत जिंकला.

आता, फळ्यावरच्या एका ओळीने सामने जिंकता येत नाहीत, हेही खरेच. घाम गाळला तो मुलींनी. शफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन वेळी आली आणि अंतिम सामन्यात ८७ धावा व दोन बळी घेऊन गेली. दीप्ती शर्माने पाच गडी टिपले.

२ नोव्हेंबर २०२५ च्या मध्यरात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. जल्लोष सुरू असतानाच हरमनप्रीत मुजुमदारांकडे आली आणि वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला.