परदेशी पासपोर्ट आणि गावचा सातबारा

परदेशाचे नागरिकत्व घेतले की गावाकडची वडिलोपार्जित शेतजमीन सरकारजमा होते, हा समज महाराष्ट्रात घट्ट रुजला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे, म्हणजे फेमाचे, कलम ६(५) पुरेसे स्पष्ट आहे. भारतात राहत असताना घेतलेली, किंवा भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशात राहणाऱ्याला बाळगता येते आणि विकताही येते. शेतजमीन त्यातून वगळलेली नाही.

भीतीचे मूळ जुन्या कायद्यात आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील, म्हणजे फेरामधील, कलम ३१ प्रमाणे परदेशी नागरिकाला भारतातली जमीन घ्यायला, ठेवायला, विकायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. १ जून २००० पासून फेराच्या जागी फेमा आला. भीती मात्र तशीच राहिली. शिवाय ‘घेणे’ आणि ‘असणे’ यांची सतत गल्लत होते. अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकांना शेतजमीन, चहा-कॉफीचे मळे किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही मिळत नाही. वारशाने मिळते.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. वडील गेले, वारसनोंदीची वेळ आली की अमेरिकेतल्या बहिणीला फोन जातो: “ताई, तुझं नाव लागलं तर जमीन सरकार घेईल. हक्कसोडपत्रावर सही करून टाक.” सही होऊन पत्र नोंदले गेले की हिस्सा गेला, आणि तो गेला एका खोट्या धाकापायी. हिंदू वारसा कायदा वारसाचे नागरिकत्व विचारत नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव लागू शकते. बंधन येते ते विक्रीच्या वेळी: शेतजमिनीचा खरेदीदार भारतात राहणारा हवा, आणि महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नसेल तर, तो शेतकरीही हवा.

जप्तीची तरतूद आहे, पण ती नियम मोडून केलेल्या व्यवहारासाठी. फेमाच्या कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होतो आणि ती मालमत्ताही जप्त करता येते. कुळकायद्याच्या कलम ८४-क प्रमाणे बेकायदा हस्तांतरित झालेली शेतजमीन चौकशीनंतर सरकारकडे जाऊ शकते. दोन्हीकडे आधी नोटीस आणि सुनावणी असते; पासपोर्ट बदलला म्हणून कोणी जमिनीवर येत नाही.

शेतजमिनीपलीकडेही असेच समज आहेत. पर्यटक व्हिसावर गोव्यात सहा महिने राहिले की परदेशी माणसाला तिथे घर घेता येते, हेही खरे नाही. नुसते दिवस भरून भागत नाही, वास्तव्याचा हेतू आणि व्हिसाचा प्रकारही पाहिला जातो. ओसीआय कार्डधारकाला एकच फ्लॅट घेता येतो, असेही ऐकू येते. फेमात संख्येची मर्यादाच नाही. जमीन सरकारजमा होते याचा दाखला म्हणून दिले जाणारे पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तांचे उदाहरणही इथे गैरलागू आहे. त्या १९६८ च्या शत्रू संपत्ती कायद्याखाली अभिरक्षकाकडे गेल्या, आणि त्या कायद्याचा अमेरिकेत किंवा पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेल्या मुलाशी काहीही संबंध नाही.