फीच्या पावतीतला विमा

प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी धावपळ सुरू होते. दाखले, नॉन-क्रिमीलेअर, वसतिगृहाचा अर्ज. फी भरली की पावती फाईलमध्ये जाते आणि पुन्हा कुणी ती उघडत नाही. त्या पावतीत बऱ्याचदा 'विद्यार्थी विमा' अशी एक ओळ असते, पुढे मोजके रुपये. आमच्याकडे येणारे पालक निर्धास्तपणे सांगतात, "सर, मुलाचा विमा तर कॉलेजनेच काढलाय."

हा विमा बहुतेक वेळा अपघाताचा असतो. अपघाती मृत्यू, अपंगत्व, कधी अपघातानंतरचा दवाखान्याचा खर्च, एवढेच त्यात येते. डेंग्यू, टायफॉइड, कावीळ, अपेंडिक्स यांचा त्याच्याशी संबंध नसतो, आणि मेसच्या जेवणावर राहणाऱ्या पोरांना नेमके हेच आजार गाठतात. काही ठिकाणी आजारपणाचाही गट विमा असतो. म्हणून कॉलेजच्या कार्यालयात सरळ विचारावे : आजारी पडून दाखल झाल्यास खर्च मिळतो का, किती मिळतो, आणि सुट्टीत गावी असतानाही मिळतो का? तोंडी उत्तरावर न थांबता कागदाची प्रत मागावी.

आता आपल्या घरांतला खरा प्रश्न. विमा घ्यावा की नाही, इथेच अनेकजण थांबतात, आणि ते थांबणे चुकीचे नाही. भारतातील अनेक मुफ्ती साहेबांनी प्रचलित आरोग्य विम्यावर आक्षेप घेतले आहेत. भरलेल्या हप्त्याच्या बदल्यात काय मिळणार हे अनिश्चित, म्हणजे गरर. थोडे भरून खूप मिळेल किंवा काहीच मिळणार नाही, हे किमारसारखे. शिवाय कंपनी तो पैसा व्याजात गुंतवते. उपचारांचा खर्च पाहून गरजेपोटी मुभा देणारे उलमाही आहेत. जिथे कायद्यानेच सक्ती आहे, तिथे तर अनेकांनी सवलत दिली आहे. जर्मनीत आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवता येत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासोबत आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. मुलाला तिकडे पाठवणाऱ्यांनी हा खर्च आधीच हिशेबात धरावा. मलेशियात १९८४ पासून कायद्याने तकाफुल चालते. आपल्याकडे तशी परवानाधारक कंपनी नाही.

फतवा देणे आमचे काम नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमांना पॉलिसीचा कागद दाखवून विचारावे. पण एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतो. सूद नको म्हणून विमा टाळणारे घर, मूल आयसीयूत गेल्यावर तीन दिवसांत सावकाराच्या दारात उभे राहते किंवा अम्मीचे दागिने व्याजावर गहाण पडतात. ज्या सूदापासून वाचायचे होते, तोच मागच्या दाराने येतो. विमा नाकारणाऱ्याने दुसरी तजवीज करायलाच हवी. अशअरी कबिल्याचे लोक टंचाईत आपापले धान्य एकत्र करून सारखे वाटून घेत, ही हदीस आपण ऐकलेली आहे. मोहल्ल्याच्या जमातीने बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांसाठी असा इमदादी फंड ठेवला तर? वलीम्यावर खर्च होतो त्याच्या मानाने ही रक्कम काहीच नाही.

ज्यात आपल्याला हप्ता भरावा लागत नाही, ती योजना तर आधी वापरावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी, संलग्न रुग्णालयांत, दरवर्षी कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पूर्वी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरता असलेला लाभ २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डांनाही खुला झाला. मूल परराज्यात शिकत असेल, तर आयुष्मान कार्ड असलेल्या कुटुंबांना ते देशभर चालते. साधा ताप, बाह्यरुग्ण तपासणी यांत येत नाही, हे लक्षात ठेवावे.

अडचण येते ती नावांत. शिधापत्रिकेवर 'फातेमा', आधारवर 'फातिमा', एकीकडे 'मो.', दुसरीकडे 'मोहम्मद'. कित्येकदा तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे नाव शिधापत्रिकेत चढवलेलेच नसते. ऐनवेळी रुग्णालयाच्या खिडकीवर आरोग्यमित्र हेच बोट ठेवतो.

आलिमांना विचारून विमा घ्यायचे ठरलेच, तर आधी घरची फ्लोटर पॉलिसी पाहावी. कमाई नसलेले मूल साधारणपणे २५ वर्षांपर्यंत त्यात राहते. अब्बा आखातात असतील, तर त्यांच्या कंपनीचा विमा इथल्या दवाखान्यात चालेलच असे समजू नये. नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसते, म्हणून पावसाळ्यात घाईने घेण्यापेक्षा मे महिन्यातच घ्यावी. जुना दमा किंवा थायरॉइड लपवू नये. अशा आजारांची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३ वर्षे आहे, पण लपवलेले उघड झाले तर दावाच बुडतो. खोलीभाड्याची मर्यादा वाचावी. २ लाखांच्या पॉलिसीत १ टक्का म्हटले की दिवसाला २ हजारांची खोली. त्याहून महाग घेतली तर डॉक्टरांच्या फीसकट इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, हप्ता त्या हिशेबाने तपासावा.

वसतिगृहात निघताना लोणच्याच्या बरणीसोबत शिधापत्रिका, आधार आणि विम्याच्या कार्डाची छायाप्रत द्यावी, फोटो खोलीतल्या जोडीदाराच्या मोबाईलमध्येही असावा. फुले योजनेचा १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५ हे क्रमांक त्याच कागदाच्या मागे लिहून द्यावेत.